राहते घर भाड्याने दिल्यावर अमेरिकेतील कराचा हिशेब: घसारा कशावर आणि कधीपासून?

उंबरठा

नमस्कार. २०१६ साली आम्ही उत्तर कॅरोलिनात रालेजवळ एक घर विकत घेतले आणि त्यात जवळपास आठ वर्षे राहिलो. नोकरी बदलल्यामुळे ३० एप्रिल २०२४ रोजी आम्ही टेक्ससमध्ये ऑस्टिनला राहायला आलो. घरकर्जाचा व्याजदर जुना आणि कमी असल्याने घर न विकता भाड्याने द्यावे, असे ठरले. मे महिन्यात आतून रंग लावून घेतला (२,८०० डॉलर) आणि खालच्या मजल्यावरचे जुने कार्पेट उचलून तिथे हार्डवुड बसवले (८,५०० डॉलर). १० जूनला घर भाड्याने देण्याची जाहिरात दिली, पण मनासारखे भाडेकरू मिळून ते प्रत्यक्ष राहायला येईपर्यंत १ ऑगस्ट उजाडला. भाडे महिना २,४०० डॉलर आहे आणि तेवढीच अनामत घेतली आहे.

आकडे असे आहेत. घर ३,१०,००० डॉलरला घेतले आणि त्या वेळी टायटल विमा, नोंदणी वगैरेंचे ४,००० डॉलर वेगळे लागले. २०१९ मध्ये छप्पर बदलले (१४,०००) आणि २०२१ मध्ये स्वयंपाकघर नव्याने केले (२२,०००). खरेदीच्या वर्षी काउंटीच्या मालमत्ता कराच्या नोंदीत एकूण मूल्यापैकी २५ टक्के जमिनीचे आणि ७५ टक्के इमारतीचे दाखवले होते. शेजारी अलीकडे झालेल्या विक्रींवरून पाहता गेल्या जूनमध्ये घराची बाजारातील किंमत ४,२०,००० डॉलरच्या आसपास असावी.

आता २०२४चे विवरणपत्र स्वतः भरायला बसलो आहे आणि घसाऱ्यापाशी, म्हणजे इमारत जुनी होत जाते म्हणून दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीपाशी, अडलो आहे. घसारा आजच्या किमतीवर काढायचा की खरेदीच्या किमतीवर, आणि तो जूनपासून धरायचा की ऑगस्टपासून? रंगाचा आणि फ्लोअरिंगचा खर्च कुठे दाखवायचा? घर रिकामे होते त्या दोन महिन्यांतल्या व्याजाचे आणि विम्याचे काय? एका मित्राचे म्हणणे असे, की घसारा घेऊच नकोस, कारण घर विकताना सरकार तो परत मागते. आम्हा दोघांचे मिळून वार्षिक उत्पन्न २,१०,००० डॉलरच्या घरात आहे, हेही सांगून ठेवतो.

कीर्दवही

प्रश्न नीट मांडलात, त्यामुळे उत्तरही आकड्यांतच देता येईल. आधी एक गैरसमज दूर करतो, कारण भारतातून आलेल्या पुष्कळांचा तो असतो. भारतात घरभाड्याच्या उत्पन्नातून दुरुस्तीपोटी सरसकट ३० टक्के वजावट मिळते, मग खर्च झालेला असो वा नसो, आणि घसारा वेगळा मिळत नाही. इथे नेमके उलटे आहे: सरसकट काहीच मिळत नाही, प्रत्येक खर्च पावतीसह दाखवावा लागतो आणि इमारतीवर घसारा घ्यावाच लागतो.

राहते घर भाड्याचे होते त्या दिवशी घसाऱ्यासाठी त्याचा बेसिस, म्हणजे कराच्या हिशेबातील किंमत, ठरते. ती दोन रकमांपैकी जी लहान असेल ती: एकतर तुमचा त्या दिवसापर्यंतचा बेसिस (खरेदीची किंमत, खरेदीवेळचा पात्र खर्च आणि नंतरच्या सुधारणा यांची बेरीज), नाहीतर त्या दिवशीची बाजारातली किंमत. घराची किंमत वाढली म्हणून वाढीव रकमेवर घसारा मिळत नाही, आणि घसरली असेल तर मात्र घसरलेल्याच रकमेवर मिळतो. नियम एकतर्फी वाटतो, आणि तो एकतर्फी आहेच.

तुमच्या बाबतीत ३,१४,००० डॉलरपैकी ७५ टक्के, म्हणजे २,३५,५०० डॉलर इमारतीचे. त्यात छप्पर, स्वयंपाकघर आणि फ्लोअरिंग मिळून ४४,५०० घातले, की बरोबर २,८०,००० डॉलर होतात. बाजारातल्या ४,२०,०००चे ७५ टक्के ३,१५,००० होतात, तेव्हा लहान रकम २,८०,००० हीच. जमिनीवर घसारा नसतो, हे तुम्हाला ठाऊक दिसतेच.

निवासी भाड्याच्या इमारतीचा घसारा २७.५ वर्षांत समान भागांनी घ्यायचा असतो, म्हणजे वर्षाला १०,१८२ डॉलर. पहिल्या वर्षी मात्र घर ज्या महिन्यात भाड्यासाठी उपलब्ध झाले त्याचा अर्धा महिना आणि पुढचे पूर्ण महिने मोजतात. इथे महत्त्वाचा शब्द ‘उपलब्ध’ आहे. भाडेकरू कधी आला याला महत्त्व नाही. घर राहण्याजोगे तयार होऊन भाड्याने देण्यासाठी बाजारात कधी आले, ती तारीख धरायची. तुमची जाहिरात १० जूनची आहे, म्हणून साडेसहा महिने मिळतील आणि घसारा ५,५१५ डॉलर होईल. ऑगस्टपासून धरला असता तर साडेचार महिन्यांचे ३,८१८च मिळाले असते. त्या जाहिरातीची तारखेसकट प्रत जपून ठेवा. पुढे कोणी विचारले तर हाच पुरावा.

जून-जुलैत घर रिकामे असले तरी ते भाड्यासाठी खुले होते, म्हणून त्या महिन्यांचे व्याज, मालमत्ता कर, विमा आणि एचओएचे (घरमालकांच्या संघटनेचे) शुल्क भाड्याच्या खर्चात धरता येते. न मिळालेल्या भाड्याची वजावट मात्र कुठेच नसते. जानेवारीपासून १० जूनपर्यंतचे व्याज आणि मालमत्ता कर वैयक्तिक, म्हणून ते शेड्यूल एमध्ये, म्हणजे वैयक्तिक वजावटींच्या तक्त्यात, जातात. पण २०२४ साठी एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या जोडप्याला शेड्यूल एऐवजी २९,२०० डॉलरची प्रमाणित वजावट मिळत असल्यामुळे तो भाग बहुधा तुमच्या कामी येणार नाही. भाड्याच्या काळातला मालमत्ता कर शेड्यूल ईमध्ये, म्हणजे भाड्याच्या हिशेबाच्या तक्त्यात, जातो आणि राज्य व स्थानिक करांवरची २०२४ ची १०,००० डॉलरची मर्यादा त्याला लागत नाही, एवढा लाभ आहे.

मे महिन्यातल्या कामांचे दोन भाग करावे लागतील. हार्डवुड ही सुधारणा आहे, म्हणून ती बेसिसमध्ये गेली आणि इमारतीबरोबरच २७.५ वर्षांत वसूल होईल. रंग ही दुरुस्ती आहे, पण ती घर भाड्यासाठी खुले होण्याआधी झाली. आयआरएसच्या (अमेरिकेच्या करखात्याच्या) ५२७ क्रमांकाच्या पुस्तिकेत भाड्याचा खर्च घर उपलब्ध झाल्यापासून धरावा असे म्हटले आहे, त्यामुळे मी ते २,८०० डॉलर सोडून देईन. हाच रंग २० जूनला लावला असता तर पूर्ण वजावट मिळाली असती. अशा वेळी चडफडणे स्वाभाविक आहे.

अनामत परत करण्याच्या बोलीवर घेतली असेल तर ती उत्पन्न नाही. भाडेकरू गेल्यावर नुकसानीपोटी तिच्यातले काही ठेवून घेतलेत, तर तेवढी रकम त्या वर्षी उत्पन्नात दाखवायची.

मित्राचा सल्ला मात्र चुकीचा आहे, आणि महागात पडेल असा चुकीचा. घर विकताना हिशेब ‘घेतलेला किंवा घेता आला असता असा’ घसारा धरून होतो. तुम्ही दरवर्षी घसारा दाखवला नाही तरी विक्रीच्या वेळी तो घेतल्याप्रमाणेच बेसिसमधून वजा होतो. म्हणजे दरवर्षीची वजावट हातची जाते आणि शेवटचा कर मात्र चुकत नाही.

सोनचाफा

कीर्दवही यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझा स्वतःचा अनुभव जोडते. आम्ही जानेवारी २०१५ मध्ये आमचे पहिले घर भाड्याने दिले. विवरणपत्र भरून देणाऱ्या गृहस्थांनी व्याज, विमा, दुरुस्ती सगळे नीट दाखवले, पण घसाऱ्याची ओळ कोरीच ठेवली. आम्हीही कधी विचारले नाही. कागदावर सह्या करून मोकळे होत गेलो. २०२१ च्या विवरणपत्राच्या वेळी दुसऱ्या लेखापालांनी जुनी पाने चाळली, तेव्हा हे उघडकीस आले. इमारतीचा बेसिस १,९८,००० डॉलर, म्हणजे वर्षाला ७,२०० डॉलर. पहिल्या वर्षाचे साडेअकरा महिन्यांचे ६,९०० आणि पुढच्या पाच वर्षांचे ३६,००० मिळून ४२,९०० डॉलरचा घसारा आम्ही घेतलाच नव्हता.

घसारा घ्यायचे एकच वर्ष राहून गेले असेल तर त्या वर्षाचे सुधारित विवरणपत्र भरता येते. लागोपाठ दोन किंवा अधिक वर्षे राहून गेले असेल तर रस्ता वेगळा आहे: हिशेबाची पद्धत बदलल्याचा ३११५ क्रमांकाचा फॉर्म भरायचा आणि राहिलेला सगळा घसारा चालू वर्षात एकदम घ्यायचा. जुनी विवरणपत्रे उघडावी लागत नाहीत. फॉर्मची एक प्रत विवरणपत्रासोबत जोडायची आणि दुसरी आयआरएसकडे स्वतंत्रपणे पाठवायची. फॉर्म आठ पानांचा असल्यामुळे आधी धडकी भरते, पण आपल्यासारख्यांना त्यातला थोडाच भाग लागतो.

उंबरठा यांनी आणखी एका गोष्टीची तयारी ठेवावी. आमचे उत्पन्न जास्त असल्यामुळे ते ४२,९०० लगेच फारसे वापरता आले नाहीत. भाड्याचा तोटा ‘पॅसिव्ह’ मानला जातो, म्हणजे तो एरवी पगारातून वजा होत नाही. घराच्या कारभारात तुमचा सक्रिय सहभाग असेल, तर पगारातून वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत तोटा वजा करता येतो. पण एकूण समायोजित उत्पन्न १,००,०००च्या वर जाऊ लागले की ही सवलत दर दोन डॉलरमागे एक डॉलर या हिशेबाने आटते आणि १,५०,०००ला संपते. तुमच्या २,१०,०००मध्ये ती शून्य आहे. तोटा वाया मात्र जात नाही. तो ८५८२ क्रमांकाच्या फॉर्मवर पुढे ओढला जातो आणि भाड्यातून नफा होईल त्या वर्षी, किंवा घर परक्या माणसाला पूर्णपणे विकाल त्या वर्षी, मोकळा होतो. आमचा २०२३ मध्ये घर विकल्यावर सगळा एकदम मोकळा झाला.

माळवद

कीर्दवही यांचे उत्तर चांगले आहे, पण एका जागी त्यांनी घाई केली आहे असे वाटते. बाजारातल्या किमतीची तुलना त्यांनी खरेदीच्या वर्षाच्या प्रमाणाने, म्हणजे जमीन २५ टक्के धरून केली. तुलना इमारतीची इमारतीशी करायची असते, आणि बाजाराची बाजू रूपांतराच्या, म्हणजे घर भाड्याचे झाले त्या, दिवसाची असल्यामुळे जमिनीचे प्रमाणही त्याच दिवसाचे घ्यायला हवे. ५२७ क्रमांकाच्या पुस्तिकेतल्या उदाहरणातही त्या दिवशीची जमीन आणि घर यांची किंमत वेगवेगळी मांडून मग लहान रकम निवडली आहे. गेल्या काही वर्षांत पुष्कळ शहरांभोवती इमारतींपेक्षा जमिनीच महाग झाल्या. उंबरठा यांनी २०२४ ची काउंटीची नोंद पाहावी. उत्तर बदलू शकते.

या ‘लहान रकमे’च्या नियमाचे दुसरे टोक मी स्वतः भोगले आहे. आम्ही २००६ मध्ये, भाव शिगेला असताना, ३,६०,००० डॉलरला घर घेतले आणि २०१० मध्ये भाड्याने दिले, तेव्हा त्याची किंमत २,७०,००० राहिली होती. जमीन २० टक्के धरून घसारा २,१६,०००वर मिळाला, वर्षाला सुमारे ७,८५५. सहा वर्षांनी २,८५,०००ला घर विकले. माझी समजूत अशी, की ३,६०,०००चे २,८५,००० झाले म्हणजे तोटा झाला आणि तो दाखवता येईल. तसे होत नाही. नफा मोजताना मूळ खरेदीची किंमत धरतात आणि तोटा मोजताना रूपांतराच्या दिवशीची कमी किंमत. दोन्हीतून सहा वर्षांचा सुमारे ४७,०००चा घसारा वजा केला, तर नफ्यासाठीचा बेसिस ३,१३,००० आणि तोट्यासाठीचा २,२३,००० होतो. विक्री या दोन आकड्यांच्या मध्ये झाली, म्हणून कराच्या दृष्टीने नफाही नाही आणि तोटाही नाही. राहत्या घराची जी किंमत आपण राहत असताना पडली ती आपली वैयक्तिक हानी, असा त्यामागचा विचार आहे. विचार पटतो, पण खिशाला पटायला वेळ लागतो.

म्हणून रूपांतराच्या दिवसाचे मूल्यांकन लेखी करून ठेवणे, निदान आसपासच्या विक्रींच्या नोंदी छापून ठेवणे फार गरजेचे आहे. सहा वर्षांनी ती किंमत सिद्ध करताना माझी दमछाक झाली.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. माळवद यांनी सांगितल्यावर काउंटीच्या संकेतस्थळावर २०२४ ची नोंद काढली. तिच्यात जमिनीचा वाटा ३५ टक्के आहे. ४,२०,०००चे ६५ टक्के २,७३,००० होतात, म्हणजे ते २,८०,०००पेक्षा लहान निघाले. तेव्हा घसारा २,७३,०००वर काढायचा ना?

दुसरा प्रश्न विक्रीचा आहे. राहत्या घराच्या नफ्यावर जोडप्याला ५,००,००० डॉलरपर्यंत कर लागत नाही, असे ऐकले होते. ती सवलत आता गेली का? शिवाय उत्तर कॅरोलिनाला कर भरावा लागेल का, हेही कोणी सांगावे.

कीर्दवही

माळवद यांचे बरोबर आहे आणि माझी चूक होती. २,७३,००० भागिले २७.५ म्हणजे वर्षाला ९,९२७ आणि २०२४ च्या साडेसहा महिन्यांचे ५,३७७ डॉलर. वर्षाला अडीचशे डॉलरचाच फरक आहे, पण आकडा पहिल्या वर्षी चुकला की २७ वर्षे तोच चुकत राहतो. एक मात्र लक्षात ठेवा: ही लहान रकम घसाऱ्यासाठी आणि तोट्यासाठी. नफा मोजताना तुमची मूळ गुंतवणूकच धरायची, म्हणजे ३,१४,००० अधिक ४४,५००, एकूण ३,५८,५००.

सवलत गेलेली नाही, पण तिची मुदत चालू झाली आहे. विक्रीच्या दिवसापासून मागे पाच वर्षांत तुम्ही त्या घराचे मालक म्हणून किमान दोन वर्षे तिथे राहिलेले असायला हवे. तुम्ही ३० एप्रिल २०२४ पर्यंत राहिलात, तेव्हा एप्रिल २०२७ संपण्याआधी विक्रीचा व्यवहार पूर्ण झाला तर अट पाळली जाते. भाड्याचा हा काळ तुमच्या शेवटच्या वास्तव्यानंतरचा असल्यामुळे सवलतीत त्याच्या प्रमाणात कपातही होत नाही. परत जाऊन राहिलात आणि मग विकलेत, तर ते गणित बदलेल.

६ मे १९९७ नंतरच्या घसाऱ्याइतका नफा मात्र या सवलतीत झाकला जात नाही. उदाहरणादाखल समजा, फेब्रुवारी २०२७ मध्ये सर्व खर्च वजा जाता हातात ४,५०,००० डॉलर आले. तोवरचा घसारा ५,३७७, मग दोन वर्षांचे ९,९२७ प्रत्येकी आणि शेवटच्या दीड महिन्याचे १,२४१ मिळून २६,४७२. बेसिस ३,३२,०२८ उरतो आणि नफा १,१७,९७२ होतो. त्यातले ९१,५०० करमुक्त. उरलेल्या २६,४७२वर जास्तीत जास्त २५ टक्के दराने कर, म्हणजे ६,६१८ डॉलरपर्यंत. शिवाय तोवर अडकून पडलेला भाड्याचा तोटा त्याच वर्षी मोकळा होऊन समोर उभा राहतो. तुमच्या मित्राला ज्याची भीती वाटते ते संकट एवढेच आहे.

सोनचाफा

राज्याच्या कराचे मी सांगते. घर जिथे आहे ते राज्य त्याच्या भाड्यावर हक्क सांगते. २०२४ मध्ये तुम्ही उत्तर कॅरोलिनाचे अंशकालीन रहिवासी होता आणि पुढच्या वर्षांपासून अनिवासी म्हणून तिथला हिशेब ठेवावा लागेल. टेक्ससमध्ये व्यक्तीच्या उत्पन्नावर राज्याचा कर नसल्यामुळे तिकडून त्रास नाही. राज्याच्या हिशेबात नफा शून्य दिसत असला तरी पुढे ओढायचा तोटा नोंदलेला राहावा, म्हणून आम्ही दरवर्षी विवरणपत्र भरत होतो.

भाडेकरूसाठी नवा फ्रिज किंवा धुण्याचे यंत्र घेतले असेल, तर ते २७.५ वर्षांच्या हिशेबात ढकलू नका. अशा वस्तूंचा घसारा पाच वर्षांचा असतो, आणि २,५०० डॉलरपर्यंतची वस्तू विवरणपत्रासोबत तसे निवडपत्र जोडून त्याच वर्षी पूर्ण वजा करता येते.

उंबरठा

फ्रिज जुनाच ठेवला आहे. सगळे आकडे मांडून पाहिले: पाच महिन्यांचे भाडे १२,०००, जूनपासूनचे व्याज ४,४००, मालमत्ता कर २,१००, विमा ९००, एचओए ७००, एजंटचे शुल्क २,०००, किरकोळ दुरुस्त्या ६००, मिळून खर्च १०,७००. उरले १,३००, आणि घसारा धरल्यावर ४,०७७ डॉलरचा तोटा, जो ८५८२ वर पुढे जाईल. घसाऱ्याचा ४५६२ क्रमांकाचा फॉर्मही या वर्षी जोडतो आहे.

कीर्दवही

बेरीज बरोबर आहे. फक्त जूनच्या व्याजाचे आणि करांचे १० तारखेला दोन भाग केलेत का, तेवढे पाहा. पूर्ण जून धरला असेल तर पहिले नऊ दिवस काढून टाका. तो भाग शेड्यूल एचा आहे, तिथे त्याचा उपयोग होवो वा न होवो.